नववा भोंगा

“डीबगरला दिसत नाही म्हणजे काय? मोतीबिंदू झालाय का त्याला?” मॅडमनी हातातला फोन टेबलावरच्या नकाशांवर आपटला. “सकाळपासून तेच तुणतुणं. दिसत नाही, दिसत नाही. तीन वाजता टाकी उचलणार आहेत. मला कारण हवंय, रडगाणं नकोय.”

“कारण सापडलं असतं तर खिशात लपवून ठेवलं असतं का मी?” धाकटा म्हणाला.

“तुझं काय सांगावं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. पुढे बोल.”

“पुढे काय बोलू? तुम्ही बोलू देताय कुठे.”

“भांडा तुम्ही निवांत,” आजोबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “मी तोवर या पोरक्या मशीनकडे बघतो.”

खोलीत तिघंच होते. मॅडम मालकीण. बांधकामावरच्या उंच क्रेनना लागणारा कंट्रोलचा डबा त्या बनवायच्या. डब्यातला प्रोग्रॅम धाकटा लिहायचा आणि आजोबा तो तपासायचा. आजोबाचं वय एकतीस, पण केस पंचविशीतच कापसासारखे झालेले, म्हणून आजोबा. धाकट्याला धाकटा हे नाव घरून चिकटून आलेलं. त्याचा थोरला भाऊ क्रेन चालवायचा आणि त्याच्याच क्रेनवर मॅडमचा डबा बसला. पहिल्याच दिवशी साठ मीटर उंचावरून, वॉकी-टॉकीवर, सगळ्या साइटला ऐकू जाईल असा दादा बोलला होता, “ए धाकट्या, हे बटण उलटं लावलंयस.” झालं. तेव्हापासून चहावाल्यापासून मॅडमपर्यंत सगळे धाकटाच म्हणायला लागले.

तर तो डबा या आठवड्यात तीनदा मेला होता. सोमवारी, मंगळवारी आणि काल. मेला म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता एरर आली, सगळं बंद पडलं आणि अडीच सेकंदांनी आपलं आपण पुन्हा सुरू झालं. ऐकायला अडीच सेकंद म्हणजे काहीच नाही. माणूस शिंकतो तेवढा वेळ. पण तेवढ्यात क्रेनचे ब्रेक खाडकन बसतात आणि डबा कुणाचंच ऐकत नाही. काल हुकाला दरवाजांचा गठ्ठा होता. तो झोपाळ्यासारखा हेलकावे खात राहिला, खालची माणसं पांगली, मग हसली आणि कामाला लागली. दादाने वरून सांगितलं, वारा होता.

आज हुकाला दरवाजे नव्हते. आज बारा टनांची टाकी अठराव्या मजल्याच्या गच्चीवर जाणार होती. त्यासाठी खालचा रस्ता एका दिवसापुरता बंद केलेला. बारा टन हवेत फिरत असताना ब्रेक खाडकन बसला तर काय होतं, हे त्या खोलीत कुणी बोलून दाखवत नव्हतं. आणि त्या सगळ्याच्या वर, काचेच्या खोक्यात, दादा.

“त्यांना सांगा ना, डब्यात दोष आहे म्हणून,” धाकटा म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. “लेखी द्या. एक दिवस पुढे ढकला.”

“कुठे आहे दोष? बोट ठेव आणि दाखव. आत्ता लिहून देते.” मॅडम खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. “गेल्या वर्षी मी ‘वाटतंय’ म्हणून दोन दिवस क्रेन थांबवली. निघालं काय? उंदराने वायर कुरतडलेली. त्यानंतर माझ्या ‘वाटतंय’ला तिथे काळं कुत्रं विचारत नाही. साइटवाले सरळ म्हणतात, कारण द्या, नाहीतर दोष सापडला नाही म्हणून सही द्या. मधलं काही नको.”

“आणि तुम्ही सही देणार.”

“तुझा भाऊ वर बसलाय म्हणून तुला एकट्यालाच भीती वाटते असं समजू नकोस.” त्यांनी हेल्मेट उचललं, फाईल काखेत मारली. “पावणेदोन झालेत. मी साइटवर जाते. तिथे जाऊन जितकं रेटता येईल तितकं रेटते. कारण सापडलं की फोन कर. नाही सापडलं तर…” पुढचं न बोलताच त्या गेल्या. दार नेहमीप्रमाणे अर्धं लागलं आणि मग किरकिरत उरलेलं लागलं.

“गेली बया,” आजोबा म्हणाला. “चल, कामाला लाग. रुसायला रविवार आहे.”

धाकट्याने खुर्ची ओढली. समोर तेच. सकाळी सात वाजल्यापासून तेच.

मरताना डबा एक काम करायचा. आपल्या मेमरीचा एक फोटो काढून कार्डावर ठेवायचा. तो फोटो डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या हत्यारात, उघडला की कॉल स्टॅक दिसायला हवा. म्हणजे कोणी कोणाला हाक मारली, त्याने पुढे कोणाला मारली, आणि कोणाच्या हातात असताना सगळं फुटलं, त्याची उतरंड. खालचं मडकं मोठं, वरचं त्याहून लहान, सगळ्यात वरच्यात चूक. एवढं दिसलं की अर्धं काम झालं. इथे तिन्ही फोटोंत उतरंडच नव्हती. एकच ओळ. आणि त्या ओळीत पत्ता होता चारशे.

चारशे नंबरला प्रोग्रॅमचं काहीच नव्हतं. ओसाड माळ. तिथे कोणी राहत नाही, कोणी जात नाही. आणि डबा तीनही वेळा तिथेच जाऊन मेलेला. त्याआधी कुठे होता, कोणाकडून निघाला, विचारलं की डीबगर खांदे उडवायचा. रिकाम्या ओळी.

सकाळपासून त्यांनी काय नाही केलं? डीबगर काढून नवा टाकला. मग जुना टाकला. मग आजोबाने कुठूनतरी तिसराच आणला, त्यानेही तेच दाखवलं, फक्त निळ्या अक्षरांत. केबल बदलली. प्रोग्रॅम आटोपशीर करणारी सेटिंगं बंद करून पाहिली, कारण त्याने कधी कधी उतरंड गायब होते. कोपऱ्यातल्या टेबलावर क्रेनवर आहे तस्साच डबा मांडलेला होता, तसेच क्रेन फिरवायचे दोन दांडे, भोंग्याऐवजी टकटक करणारा रिले, दिव्यांऐवजी छोटे बल्ब. त्यावर आजोबाने सकाळपासून शंभर वेळा टाकी उचलली आणि शंभर वेळा ठेवली. डबा मेला नाही. तो फक्त वरच मरायचा. वेळ बघावी तर डब्यातल्या घड्याळाचा सेल गेलेला. मेल्यावर ते शून्यापासून सुरू व्हायचं. म्हणजे कधी मेला हेही नक्की नाही. जेवणाआधी की नंतर, कोणी लिहून ठेवलं नव्हतं. दादाला विचारलं तर म्हणे, वारा.

“मी सांगतो काय झालंय,” आजोबा म्हणाला. “डीबगर खोटं बोलत नाहीये. परतीचा पत्ता ज्या जागी लिहून ठेवतो ना, त्या जागेवरच कोणीतरी चारशे लिहून जातंय. प्रोग्रॅम काम संपवून घरी निघतो, चिठ्ठी बघतो, चिठ्ठीवर चारशे. जातो बिचारा. आणि डीबगरही त्याच चिठ्ठ्या वाचत मागे जातो, म्हणून तोही तिथेच अडकतो.”

“हे तू दहा वाजता पण बोललास.”

“दहा वाजता पण खरंच होतं. असं लिहू शकतील अशी अकरा कामं आहेत प्रोग्रॅममध्ये.” त्याने समोर वही सरकवली. अकरा नावं, दहांवर रेघ. “दहा मी उसवून पाहिली. अकरावं, बॅटरी तपास. त्याच्यावर रेघ तू मारलीस.”

“हो. बघितलंय ते मी.”

“नीट?”

“दोन वर्षं रोज चालतंय ते. एकदाही कुरकुर नाही. तू वजनाचं पुन्हा बघ.”

आजोबाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि वजनाचं पुन्हा उघडलं.

धाकट्याने वही उलटी करून ठेवली. कारण बॅटरी तपास नावाचं ते काम बॅटरी तपासतच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई जिन्यात पडली आणि गुडघ्याने कायमचा संप पुकारला. घरातल्या घरात काठीवर, आणि दिवसभर खिडकीशी. खिडकीतून लांबवर क्रेन दिसायची. आई सारखी विचारायची, वर आहे का तो, बरा आहे का, जेवला का. दादा फोन वर नेत नाही. खाली बुटात ठेवून जातो, कारण एकदा फोन उचलायच्या नादात त्याने विटांचा पाळणा चुकीच्या मजल्यावर ठेवला होता. मग दोघा भावांनी डोकं लढवलं. क्रेनचा हात नदीकडे वळला की दादाच्या काचेसमोर बरोबर आईची खिडकी येते. तेव्हा दोन्ही हात दांड्यांवर असतात, भोंगा दाबत बसता येत नाही. धाकट्याने एक बारकं काम लिहिलं. अंगठ्याने एक बटण दाबायचं, भोंगा आपोआप आठ वेळा वाजणार. घरातल्या प्रत्येकाचा एक. आई, दादा, वहिनी, धाकटा, दादाची दोन पोरं, गेले तरी बाबा, आणि मांजर. मांजराचा सगळ्यात छोटा. आणि भोंगा वाजून झाला की क्रेनच्या डोक्यावरचा दिवा दोनदा लुकलुकणार, म्हणजे संपलं, मी बरा आहे, आता जेव.

आई रोज मोजायची. बोटांवर.

हे मॅडमना माहीत नव्हतं. साइटला तर नव्हतंच. क्रेनच्या डब्यात घरचा भोंगा म्हणजे दोघांची नोकरी गेली समजा, आणि दादाला पुन्हा कुठल्याच क्रेनवर कोणी चढू देणार नाही. म्हणून नाव बॅटरी तपास. कोण उघडून बघतंय. आणि धाकट्याला मनापासून वाटत होतं की त्यात काही नाहीच. आठ भोंगे, त्यांचे आकडे ठेवायला मेमरीत आठ कप्पे, दोन वर्षं. चोरी होती, पण साफसुथरी चोरी होती.

दोनला पाच कमी असताना त्याने दादाला फोन लावला. तेवढाच वेळ मिळायचा, जेवण संपून वर चढायच्या आधी.

“बोल रे,” दादा काहीतरी चावत होता.

“दादा, आज वर जाऊ नकोस.”

“का? तू जातोस का माझ्या जागी? पाळण्यात बसून पण ओकतोस तू.”

“मस्करी नाही. पोट दुखतंय म्हणून सांग. काहीही सांग.”

“सापडलं का तुला काही?”

“नाही.”

“मग? अरे, माझ्याशिवाय ती टाकी इथे कोण उचलणार? तो नवीन पोरगा? त्याच्या हातात द्यायची का? मग त्याची आई बसेल ना खिडकीत.” दादा पाणी प्यायला. “वारा होता रे. किती वर्षं झाली मला? हललेलं मला कळत नाही होय. आणि आज तर मी जाणारच. पिटुकली घरी येतेय आज. चारपर्यंत येतील म्हणाली तुझी वहिनी. आईला सांग, खिडकी सोडू नकोस.”

पिटुकली म्हणजे दादाची तिसरी. शनिवारी झालेली. अजून नाव नव्हतं.

“दादा, ऐक…”

“चल, बूट काढतोय मी. फोन आत जाणार आता. डोकं खा त्या आजोबाचं.”

फोन बंद. धाकट्याने पुन्हा लावला. वाजत राहिला, एका बुटात, कुठेतरी, क्रेनच्या पायथ्याशी.

त्यानंतरचा अर्धा तास धाकट्याला धड आठवणार नाही. दहा कामं पुन्हा उसवली. आजोबा एकेक ओळ वाचायचा, धाकटा मान हलवायचा. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि त्याची टी-टी-टी थांबतच नव्हती. एकदा त्याने उंदीर उचलून भिंतीवर मारला, संगणकाचा. आजोबाने तो उचलून आणला, फुंकर मारली, पुन्हा लावला.

“मोडला असता तर बरं झालं असतं,” आजोबा म्हणाला. “निदान काहीतरी सापडलं असतं, की हे मोडलंय.”

“गप रे.”

“चारशे. चारशे काय असतं? वजन? वजन बारा हजार. उंची? साठ. कोन? तीनशे साठच्या पुढे नाहीच. या क्रेनमध्ये चारशे असं काही नाहीच आहे, बाबा.”

“वेळ असेल.”

“कसली वेळ?”

“मिलिसेकंद. चारशे मिलिसेकंद.”

“अर्ध्या सेकंदापेक्षा कमी चालणारं काय आहे इथे? ब्रेकला सातशे लागतात. दांड्याला वीस.”

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. आई.

“आई, कामात आहे. नंतर.”

“नंतर कधी? जेवलास का?”

“आई, ठेव ना.”

“ठेवते. एवढंच विचारायचं होतं, दादाचा दिवा बिघडलाय का? तू नीट का करत नाहीस? परक्यांची मशीनं नीट करतोस.”

“कुठला दिवा?”

“डोक्यावरचा. सोमवारपासून बघतेय. भोंगा वाजतो आणि मग नुसतं गप्प. दिवा लागतच नाही. माझा जीव टांगणीला, जेवू की नको. काल तर ते खाली काहीतरी लटकलेलं किती हलत होतं.”

धाकटा उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

“आई, भोंगा किती वाजतो?”

“किती म्हणजे? नऊ.”

“आठ.”

“मला मोजता येत नाही का? आठ होते, सोमवारपासून नऊ. पिटुकलीचा वाढवलाय त्याने. लांबलचक आहे तिचा, पठ्ठीचा. मी त्याला म्हटलंच होतं शनिवारी, हिला पण घे रे. मांजराला आहे आणि लेकीला नाही, हे काय? तुझ्याकडूनच शिकून घेतलंय म्हणाला, डब्यावर कुठेतरी वाढवता येतं ते.”

येतं. ओके बटण पाच सेकंद दाबून ठेवलं की एक लपलेलं पान उघडतं. तिथे प्रत्येक भोंगा किती लांब ते टाकता येतं. धाकट्यानेच शिकवलं होतं. आणि शिकवताना हसत म्हणाला होता, “आठाच्या पुढे जाऊ नकोस बरं, कप्पे आठच आहेत.” डब्यात तसं लिहिलं नव्हतं. नऊ टाकले तर अडवेल अशी एक ओळ, फक्त एक ओळ, त्याने घातली नव्हती. वापरणारा कोण, तर दादा. घरच्या माणसाला कसलं कुलूप?

“ठेवू नकोस,” तो फोनवर म्हणाला आणि फोन तसाच टेबलावर ठेवून कोपऱ्यातल्या डब्याकडे गेला. ओके दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पान उघडलं. आठ आकडे. शेवटचा शंभर, मांजराचा. त्याखाली त्याने नववा टाकला. चारशे.

“हे कुठलं पान?” आजोबा मागे येऊन उभा होता. “हे पान मी कधी बघितलंच नाही.”

धाकट्याने बटण दाबलं. रिले वाजायला लागला. टक. टक. टक. आजोबा ओठांनी मोजत होता. सात. आठ. नववा लांब वाजला. मग छोट्या बल्बने दोनदा लुकलुकायला हवं होतं.

बल्ब लागला नाही. खाली ब्रेकचा बल्ब खाडकन पेटला. डबा मेला. अडीच सेकंद. पुन्हा सुरू.

आजोबाने धावत जाऊन फोटो उघडला. एकच ओळ. चारशे.

ट्रकची टी-टी-टी थांबली होती. सकाळपासून ज्यासाठी जीव गेला ते समोर होतं आणि त्याचा आनंद नावालाही नव्हता. आठ कप्प्यांत नववा आकडा मावला नाही, तो शेजारच्या जागेत सांडला. शेजारी परतीचा पत्ता होता. भोंगा वाजवून प्रोग्रॅम परत निघाला, दिवा लावायला, आणि पिटुकलीच्या भोंग्याच्या आकड्यावर चालत गेला. म्हणून दिवा नाही. म्हणून उतरंड नाही.

“बॅटरी तपास,” आजोबा हळू म्हणाला.

“हो.”

“मी तुला विचारलं होतं. नीट, म्हणून.”

“हो.”

“दहा वाजता सापडलं असतं हे. मी अकरावं उघडलं असतं तर दहा वाजता.”

“माहितीये.” धाकटा घड्याळाकडे बघत होता. दोन पस्तीस. “दादा भोंगा फक्त नदीकडे वळल्यावर वाजवतो. टाकी गच्चीवर नेताना हात तिकडेच वळतो, म्हणजे टाकी हवेत असतानाच. आज तर वाजवणारच. पोरगी येतेय.”

“फोन कर मॅडमना. कर आधी.”

त्याने मॅडमना लावला. खोलीतच कुठेतरी घूं-घूं झालं. दोघांनी वळून पाहिलं. टेबलावरचे नकाशे थरथरत होते. त्यांच्याखाली मॅडमचा फोन, जिथे आपटला होता तिथेच.

आजोबाने शिवी दिली. एरवी तो देत नाही.

“साइटच्या ऑफिसचा नंबर लाव,” धाकटा म्हणाला. “तो भिंतीवरचा.”

आजोबाने लावला, स्पीकरवर टाकला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. टाकी उचलायच्या दिवशी त्या ऑफिसात कोण बसणार? सगळे खाली, मान वर करून उभे असणार, आणि आत रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला असणार.

टेबलावरच्या फोनमधून आईचा आवाज येत होता. “अरे, आहेस का? का गेलास?”

आणि धाकट्याला पडदा आठवला. आई दुपारी झोपली की खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. पडदा असला की दादा भोंगा वाजवत नाही. आई झोपलीये म्हणून. दोन वर्षांत एकदाही वाजवला नाही.

त्याने फोन झडप घालून उचलला. “आई, ऐक. पडदा ओढ. आत्ताच्या आत्ता. आणि उघडू नकोस.”

“पडदा कुठे? पडदा धुवायला काढलाय.”

“काय?”

“पिटुकली येतेय ना. धुळीचा होता. बादलीत आहे भिजत.”

धाकट्याने डोळे मिटले. “ओलाच लाव.”

“त्याची दांडी पण काढलीये शेजारच्या पोराने, गंजली होती. मी कशी लावू? खुर्चीवर चढू का?”

“नको. आई, खुर्चीवर चढायचं नाही. ऐकतेस का? चढायचं नाही. तू… तू खिडकीतून उठून आत जा.”

“मी दिसले नाही तर तो दोनदा वाजवेल. गेल्या आठवड्यात मी मोरीत होते तर केवढा वाजवला.” आईचा आवाज बदलला. “काय झालंय? वर काही झालंय का? खरं सांग.”

“नाही झालेलं. अजून नाही झालेलं. शेजारणीला हाक मार. चादर, सतरंजी, जे असेल ते त्या खिडकीवर धरायला सांग. उभी राहा म्हणावं, हात भरून आले तरी. साडेतीनपर्यंत.”

“ती कामाला गेलीये. ती चारला येते.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी. आई, खिडकीतून ओरड, रस्त्यावरच्या माणसाला बोलाव. विचारू नकोस काही. कर.”

“करते,” आई म्हणाली. काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, लांब जात, आणि फोन तसाच चालू राहिला, रिकाम्या खोलीचा आवाज देत.

धाकट्याने हेल्मेट शोधलं. एकच होतं, ते मॅडमनी नेलेलं. त्याने नुसती किल्ली घेतली. आजोबाच्या दुचाकीची, विचारल्याशिवाय.

“साइटवर पोचायला वीस मिनिटं,” आजोबा म्हणाला. “रस्ता बंद आहे तिथून पुढे पळत जावं लागेल.”

“पळेन.”

“आणि तिथे जाऊन काय सांगशील? गेटवरचा माणूस सोडणार नाही तुला कारण सांगितल्याशिवाय.”

हाच तो प्रश्न होता. कारण. सकाळपासून मॅडम जे मागत होत्या ते. आता कारण होतं, बोट ठेवून दाखवता येईल असं, आणि ते सांगायचं म्हणजे आईची खिडकी, मांजर, दोन वर्षांची चोरी, सगळं त्या गेटवर उभं राहून, पन्नास माणसांसमोर. दादा पुन्हा वर चढणार नाही. कदाचित धाकट्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.

“सगळं सांगेन,” तो म्हणाला. “तू इथून लावत राहा. थांबू नकोस. कुणीही उचललं, झाडूवाल्याने उचललं तरी सांग, क्रेनवाल्याला वॉकी-टॉकीवर सांगा, भोंगा वाजवू नको. तेवढंच. टाकी खाली ठेव आणि भोंगा वाजवू नको.”

“का म्हणून विचारलं तर?”

“सांग की डबा धाकट्याने लिहिलाय आणि त्याने त्यात घरचा भोंगा लपवलाय, घरातल्या प्रत्येकाचा एक, मांजराचा पण. बॅटरी तपास नावाने. मॅडमना माहीत नव्हतं. तुला पण माहीत नव्हतं. नाव घेऊन सांग माझं.”

आजोबाने रिसीव्हर कानाला लावला होता. व्यस्त. त्याने पुन्हा आकडे दाबायला घेतले, आणि दाबता दाबता म्हणाला, “त्या मांजराला वगळलं असतं ना रे…”

“दोन बेचाळीस झालेत,” धाकटा दारातून म्हणाला. “मी निघतो आता.”